मामाचा जनरेटर

2024 च्या गणपतीला मी पुण्यात मामाकडे होतो. मामा जनरेटर भाड्याने देतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला चावी फिरवली तर नुसते टक टक. मंडळाची पोरं ओरडायला लागली. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली होती. मामाने वायरी काढून टोके सोड्याच्या पाण्याने धुतली, वायरी परत आवळल्या. इंजिन धडधडले! (डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या गरम हवेनेच ते पेटते.) पण मीटर 12 व्होल्टलाच. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास पाहिजे, म्हणजे बॅटरी भरत नव्हती. पट्टा ढिला होता. तो आवळायला इंजिन बंद करावे लागते. परत चालू झाले नाही तर? माझ्या पोटात गोळाच आला. मामाने बंद केलेच. पट्टा आवळला, चावी फिरवली, एका दमात चालू. काटा 14 वर गेला. मिरवणूक हलली. माझ्या कानांना मात्र रात्रभर दडे बसले होते.