पाच पाऊण पावणेचार

मुलांनो, तुमची शाळेची व्हॅन दिवाळीच्या सुट्टीत काय करते, याचा कधी विचार केलाय? आमच्या कसबा पेठेत ती बोळाच्या तोंडाशी धूळ खात उभी असते. गेल्या दिवाळीत मात्र तिने समुद्र पाहिला. आणि तिला तिथवर न्यायला कारण झाली माझ्या वर्गातली एक मुलगी.

झालं काय, चौथीच्या वर्गात मी महाराष्ट्राचा नकाशा शिकवत होते. "महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे," असं मी फळ्यावर लिहिलं. ती उठून उभी राहिली. "बाई, कोणी मोजला? कसा मोजला? तो तर वाकडातिकडा आहे." तास संपत आला होता, वह्या तपासायच्या होत्या. मी म्हटलं, "पुस्तकात आहे ना? लिहून घे." ती निमूट खाली बसली. पुढचे दोन दिवस तिने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. शिक्षिकेला वर्गातला गोंगाट सोसतो, पण असलं गप्प बसणं नाही सोसत.

तेव्हा मी घरी जाहीर केलं, "या सुट्टीत किनारा बघायचा. हॉटेल नाही, मुक्काम गाडीतच." आमच्या ह्यांना ही कल्पना आवडली, कारण ह्यांचा एक मित्र ऑस्ट्रेलियात असतो. तिकडे नवरा-बायको घरासारखी गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने आठवडेच्या आठवडे हिंडतात. तिथला 'ग्रेट ओशन रोड' पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळी-फावड्यांनी खोदला, आपल्या मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. आमच्याकडे ना तशी गाडी, ना तसा सलग रस्ता! पण व्हॅनवाल्या काकांची जुनी ओम्नी होती. मागची बाकं काढली, फळी टाकली, वर गादी. एक स्टोव्ह, दोन पातेली, पाण्याचा कॅन. (स्टोव्ह गाडीच्या आत कधीही पेटवायचा नाही, हे आई-बाबांनाही वाचून दाखवा.) भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कसबा गणपतीला नमस्कार करून आम्ही निघालो.

ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, आणि संध्याकाळी हरिहरेश्वर. इथपर्यंत सगळं सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याला रस्ता सरळ पाण्यात शिरला आणि संपला. समोर सावित्रीची खाडी. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी.

खाडी ओलांडायची ती जंगरमधून. जंगर म्हणजे गाड्या वाहून नेणारी सपाट बुडाची मोठी बोट. तिचा पुढचा लोखंडी फळा किनाऱ्यावर टेकतो, खलाशी हाताने खुणा करतो आणि गाड्या एकेक करून आत चढतात. आमची ओम्नी दोन मोठ्या मोटारींच्या मधे अशी बसली, जशी पहिलीतली मुलगी दहावीच्या बाकावर!

पलीकडे वेसवी. मग केळशी, आंजर्ले करत हर्णै. तिथे पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे आणि संध्याकाळी वाळूत मासळीचा लिलाव चालतो. इतका कलकलाट, की मला आमची मधली सुट्टी आठवली. तिसऱ्या दिवशी दाभोळ. समोरचं धोपावे गाव हाकेच्या अंतरावर वाटतं. पण मधे वाशिष्ठीची खाडी. २००३ साली इथे जंगर सुरू झाली. तिच्याशिवाय गाडीने जायचं तर चिपळूणला वळसा घालून शंभराहून जास्त किलोमीटर पडतात. जंगरने जेमतेम पाव तास.

मी वहीत लिहिलं : "किनाऱ्याची लांबी मोजताना खाडी सरळ ओलांडायची, की आत जाऊन परत यायचं?" आता कुठे मला त्या मुलीचा प्रश्न कळायला लागला होता.

गुहागर, वेळणेश्वर करून आम्ही दुपारी चारच्या सुमारास हेदवीला पोचलो. तिथे खडकात एक अरुंद भेग आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी आत घुसतं आणि दणकन् कारंज्यासारखं वर उसळतं. नेमकी भरती होती! एक उसळी बघून निघायचं ठरलं होतं, पण बघता बघता तासभर गेला. परिणाम काय? तवसाळला पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि जयगडला जाणारी त्या दिवशीची शेवटची फेरी सुटली होती. चूक सर्वस्वी आमची.

"आज इथेच मुक्काम," हे म्हणाले. खाली पाण्याकडे छान सपाट, घट्ट वाळू होती. तिथे गाडी लावली, पिठलं केलं, भाताला शीत शीत मोजावं इतकंच पाणी उरलं होतं तेही वापरलं. नऊ वाजून गेले. एवढ्यात कंदील घेऊन एक म्हातारबुवा खाली आले.

"गाडी इथे ठेवणार रात्रभर?"

"हो. पाणी किती लांब आहे," हे म्हणाले.

"आत्ता लांब आहे. आज तिथी कोणती?"

मी बोटं मोजली. भाऊबीज द्वितीया... "पंचमी."

"मग पाच पाऊण किती?"

मी डी.एड. झालेली बाई, आणि गप्प! पावकी, निमकी, पाऊणकी आमच्या आजोबांना पाठ होती, मला नाही. शेवटी मनात पाचाला तीनने गुणलं, चाराने भागलं. "पावणेचार."

"पहाटे पावणेचारला पाणी पुरं भरणार. दुपारी पण तेव्हाच भरलं होतं. गाडी वर घ्या, त्या दगडी बांधाच्या वर."

मला एकदम हेदवी आठवली. चारचा सुमार! आम्ही मुकाट्याने गाडी वर घेतली. म्हातारबुवांनी सगळा हिशेब समजावला. अमावास्येला आणि पौर्णिमेला इकडे साधारण बाराला भरती. मग रोज पाऊण तास पुढे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ हातात. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तशीच पुढे सरकते. हे मी शाळेत शिकवते! पण त्यावरून गाडी कुठे लावायची, हे मला कळलं नव्हतं.

पहाटे साडेतीनला गजर लावून आम्ही उठलो. बॅटरी मारली. जिथे आम्ही पिठलं-भात खाल्ला होता, तिथे काळं पाणी हलत होतं. काही आवाज नाही, लाट नाही. आमची चूल केलेले तीन दगड दिसेनात. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काकांना काय सांगितलं असतं?" मला मात्र गाडीआधी त्यात झोपलेल्या आम्हा दोघांचा विचार आला.

म्हातारबुवा सकाळी भेटले नाहीत. पहिल्या फेरीने आम्ही शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरलो, गणपतीपुळे पाहिलं आणि रत्नागिरीहून पुण्याची वाट धरली. पुढच्या वर्षी पुढचा किनारा. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गासाठी मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलेलं आहे. इथल्या लोकांची मोठी सोय होईल, दवाखाना-कॉलेज जवळ येईल. तरी ते व्हायच्या आत तुम्ही एकदा जंगरमधून जाऊन या, असं मी म्हणेन.

सुट्टी संपल्यावर त्या मुलीला मी वर्गासमोर बोलावलं. म्हटलं, "चल, मोजू या." भिंतीवरच्या नकाशावर आधी काडेपेटीच्या काड्या किनाऱ्याने मांडून मोजलं. मग तोच किनारा दोऱ्याने मोजला. दोऱ्याचं उत्तर बरंच जास्त आलं! मांडेलब्रो नावाच्या गणितज्ञाने १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याविषयी हेच लिहिलं होतं : मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब, कारण लहान पट्टी प्रत्येक वळणात शिरते. आपल्या देशातही तसंच झालं. केंद्राच्या जुन्या मोजणीत महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ किलोमीटर होता. अधिक बारीक नकाशावर पुन्हा मोजल्यावर, गृहमंत्रालयाच्या २०२३-२४च्या अहवालात तो ८७७.९७ झाला. किनारा वाढला नाही, पट्टी बारीक झाली. आणि पुस्तकातला ७२० हा आकडा तिसराच!

"मग परीक्षेत काय लिहायचं?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. "परीक्षेत ७२०," मी म्हटलं.

ती मुलगी अजून नकाशापाशीच उभी होती. दाभोळच्या खाडीवर तिने दोरा धरून ठेवला होता.

"बाई, भरतीचं पाणी खाडीत कुठपर्यंत जातं?"

"चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत. तिथे पूर्वी बंदर होतं."

"मग दोरा तिथपर्यंत न्यायचा का? आणि भरतीला मोजायचं, की ओहोटीला?"

मी तिच्या हातात दोऱ्याचं आख्खं रीळ दिलं.