कंदील आणि दोर

माझे वडील पेवात उतरत असत. लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी पाटलांच्या वाड्यासमोर तीन पेवे होती आणि वर्षातून एकदा ती उघडायची वेळ आली की वडिलांना बोलावणे येई. उतरणारा माणूस नेहमी आमच्याच वस्तीतला असे. असे का, हे विचारण्याचे ते दिवस नव्हते, आणि उत्तर सर्वांनाच ठाऊक होते.

पेव म्हणजे काय हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार तेवढा वर्तमानपत्रांत शिल्लक आहे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले, तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद असे ज्वारीचे कोठार. आत कडब्याचे अस्तर लावून धान्य भरायचे आणि तोंडावर दगड ठेवून ते मातीने लिंपून टाकायचे. बंद पेवात धान्य, त्यातली कीड आणि बुरशी ही सारी आतला प्राणवायू वापरून संपवतात आणि कर्बवायू सोडतात. हा वायू हवेहून जड. तो तळाशी साचून राहतो. त्यामुळे कीड मरते व ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. मात्र ज्या कारणाने कीड मरते, त्याच कारणाने घाईने उतरलेला माणूसही मरतो.

हे शास्त्र वडिलांना ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती. पहिल्या दिवशी फक्त दगड काढायचा आणि पेव रात्रभर उघडे ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटता कंदील दोरीने हळूहळू खाली सोडायचा. ज्योत मंदावली किंवा विझली की त्या दिवशी काम बंद. ज्योत तळापर्यंत स्थिर राहिली, तरच वडील कमरेला दोर बांधून उतरत. त्या दोराचे दुसरे टोक माझे थोरले चुलते धरत. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. दुसऱ्या कोणाच्याही हाती ते टोक वडील देत नसत. लहानपणी मला वाटे, हा सारा काही पूजेचा प्रकार असावा. अण्णा प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणत, “मी वर हाय म्हणून तू खाली जातूस. मला खाली यायला लावू नगंस.” वडील हसत आणि उतरत.

माझ्या घरात एवढे ज्ञान असताना, पुढे माझ्या डोळ्यांदेखत जे घडले, त्याची कबुली देण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मी शिकलो, फिटर झालो आणि लातूरच्या एका तेलगिरणीत कामाला लागलो. १९८९ सालची गोष्ट. गिरणीच्या मागे सांडपाण्याची एक टाकी होती. तिच्यातल्या पंपाच्या तोंडाशी गाळ अडकला म्हणून माझा एक सहकारी लोखंडी शिडीने खाली उतरला. टाकी पुरुषभर खोल, वरचे झाकण उघडे, बाहेर लख्ख ऊन. कोणाला भय वाटावे असे तिथे काहीच दिसत नव्हते. त्याने फावड्याने गाळाची साय फोडली आणि, दमलेला माणूस जसा बसतो तसा, तो खाली बसला. मी हाक मारली. उत्तर आले नाही. मी शिडीवर पाय ठेवला, तेवढ्यात बॉयलरवरच्या एका वृद्ध कामगाराने मागून माझी कॉलर धरली. मी त्यांना शिव्या दिल्या. त्यांनी कॉलर सोडली नाही.

दोर भांडारात होता. भांडाराला कुलूप होते आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. दोर आला, फास टाकून त्याला वर ओढले, तोवर फार उशीर झाला होता. अंत्यविधीच्या दिवशी त्याच्या पत्नीने मला एकच विचारले, “भाऊजी, तुम्ही तिथंच होता ना?”

मी तिथेच होतो.

त्या टाकीत नेमके काय होते, ते मला पुष्कळ उशिरा कळले. मुंबईस शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत एका अल्प मुदतीच्या वर्गाला जाण्याचा योग आला, तेव्हा तेथील शिक्षकांनी फळ्यावर सारे मांडून दाखवले. तेल शुद्ध करताना सोपस्टॉक निघतो. त्यावर गंधकाम्ल घालून त्यातले तेलकट आम्ल वेगळे काढतात, आणि गंधकाचे क्षार सांडपाण्यात उतरतात. जिथे हवा पोहोचत नाही अशा गाळात जिवाणू त्या क्षारांपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. वायू गाळात कोंडून राहतो. फावडे मारले की तो एकदम बाहेर पडतो. म्हणजे नऊ वाजता टाकीतली हवा चांगली असली, तरी सव्वानऊला तीच जीव घेऊ शकते. या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वासावर विसंबणे हाच मोठा धोका. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास तो पोहोचला की आपले नाक बधिर होते. वास नाहीसा झाला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते. प्रमाण सात-आठशेच्या पुढे गेले, तर दोनचार श्वासांत शुद्ध हरपते.

तेथेच मला १९४८ च्या कारखाना कायद्याचे छत्तिसावे कलम प्रथम वाचायला मिळाले. हवा तपासून जाणत्या माणसाने लेखी दाखला दिल्याशिवाय, अथवा श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा चढवून त्या दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती दिल्याशिवाय, अशा टाकीत कोणी उतरू नये, अशी त्याची तजवीज होती. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. त्यात अण्णा होते! आमच्या गावच्या पेवावरची रीत सरकारी भाषेत छापलेली होती. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कामगाराला धोक्याची माहिती व प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही त्या कायद्यात आला. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्याची जागा २०२० च्या नव्या संहितेने घेतली आहे. पण १९८९ साली ते कलम अमलात होते, हक्कही होता, आणि आमच्या भांडाराला कुलूप होते.

वडिलांच्या कंदिलाविषयी मला अभिमान आहे, म्हणूनच त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कंदील प्राणवायूचे प्रमाण सांगतो. पेवात तेवढे पुरते. विषारी वायूविषयी तो काही सांगत नाही, आणि मैल्याच्या किंवा शेणाच्या टाकीत मिथेन साचलेला असेल तर तीच ज्योत स्फोट घडवील. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात जुन्या विहिरी उपसण्याचे काम गावोगाव चालले होते. कोणी विहिरीच्या आत डिझेल इंजिन उतरवून चालवत असल्याचे ऐकले की माझ्या छातीत धस्स होई. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि त्यात माणूस कोसळला तरी कंदील जळत राहू शकतो. इंजिन नेहमी काठावर ठेवावे.

आज कंदिलाच्या जागी हातात मावेल एवढे यंत्र मिळते. ते एकाच वेळी प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारे वायू मोजते. चांगल्या हवेत प्राणवायूचा आकडा २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला तर उतरू नये. यंत्र दोरीने आधी वरच्या थरात, मग मध्ये, मग तळाशी सोडावे आणि काम संपेपर्यंत उतरणाऱ्याच्या छातीशी चालू ठेवावे, कारण सव्वानऊची हवा नऊला कळत नाही. मुलांना मी एक साधी खूण शिकवतो. श्वास थोडा वेळ रोखून यंत्रावर सोडला की प्राणवायूचा आकडा उतरला पाहिजे. उतरला नाही, तर यंत्र मेलेले समजावे. कारखान्यातील रीतसर तपासणीला हा पर्याय नाही, पण कपाटात पडून मेलेली यंत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, त्यांना हार घालतात. नाकाला रुमाल बांधणे निरुपयोगी आहे, आणि गाळणीचा मुखवटासुद्धा, कारण जिथे प्राणवायूच नाही तिथे गाळणी काय गाळणार? बाहेरून नळीने हवा पुरवणारे साधन लागते. त्याहून उत्तम म्हणजे कोणी न उतरताच बाहेरून पंपाने व पाण्याच्या झोताने गाळ काढणे.

निवृत्तीनंतर मी नांदेडला राहतो. रविवारी मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात विहिरीच्या, टाक्यांच्या आणि कारखान्यांच्या कामाला जाणारी दहा-बारा मुले जमतात. ती सर्व धर्मांची असतात. फादरांनी जागा दिली आहे. आवारात एक कोरडी विहीर आहे. तिच्यात ज्वारीचे भरलेले पोते सोडतो आणि म्हणतो, “हा तुमचा भाऊ. काढा वर.” दोघे-तिघे नुसत्या हातांनी दोर ओढतात. दोर काठाला घासतो, पोते अडकते, माणसे घामाघूम होतात. मग तिपाई उभी करतो, कप्पी लावतो, आणि एकटा मुलगा ते पोते वर आणतो. हा धडा त्यांना लगेच पटतो.

दुसरा धडा पटत नाही. भाऊ आत पडला असता आपण आत जायचे नाही, हा तो धडा. २०१७ च्या जानेवारीअखेर लातूरच्या एमआयडीसीत, एका खाद्यतेलाच्या कारखान्याची टाकी साफ करताना नऊ कामगार गेले. आत पडलेल्यांना वाचवायला इतर उतरले आणि तेही राहिले. २०२३ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात शौचालयाच्या टाकीत पाच जण गेले. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, त्याच्यामागे दुसरा, असे पाच जण गेले. सहावाही उतरला होता. त्याच्या कमरेला दोर होता. तो वाचला.

ही हकिगत सांगितली त्या रविवारी एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, आताच प्रवचनात फादर म्हणाले, दुसऱ्यासाठी जीव देण्याहून मोठी प्रीती नाही. आणि तुम्ही म्हणता, उभे राहा.” सगळी मुले माझ्याकडे पाहू लागली. मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो, पण मला ते कॉलर धरणारे वृद्ध कामगार आठवले. त्या दिवशी माझ्या शिव्या खाऊन त्यांनी जे केले, त्याला काय म्हणावे? प्रीती आपण नेहमी धावत जाणारी पाहतो. हात सुटू न देता, शिव्या खात, काठावर उभी राहणारी प्रीतीही असते, आणि तिची तयारी आधीच करून ठेवावी लागते. दोर आणावा लागतो, किल्ली कोणाकडे आहे हे पाहावे लागते. मी त्याला एवढेच म्हणालो, “दोर आधी बांधलास तर जीव द्यावा लागणार नाही.” त्याचे समाधान झाले असे दिसले नाही. खरे तर माझेही झाले नव्हते. भाऊजी, तुम्ही तिथंच होता ना, हा प्रश्न अशा युक्तिवादाने मिटत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याच मुलाचा लातूरहून फोन आला. एका ठेकेदाराने त्याला सोसायटीच्या टाकीत उतरायला सांगितले होते. त्याने आधी झाकणे उघडी ठेवायला सांगितली, हवेचा पंखा, यंत्र आणि दोर मागितला. ठेकेदार म्हणाला, “तुझ्यासारखे छप्पन मिळतात,” आणि नाक्यावरून दुसरा माणूस आणला. ह्याची दोन दिवसांची मजुरी बुडाली. मी गप्प झालो. अशा वेळी म्हाताऱ्या शिक्षकाने काय बोलावे?

“मग तू घरी गेलास का?” मी विचारले.

“नाही सर. त्या माणसाला मी उतरू दिलं नाही लगेच. झाकणं उघडून दोन तास बसवून ठेवलं, गाळ वरून पंपानं ओढायला लावला. शेवटी तो थोडा वेळ उतरलाच. दोर माझ्याकडं होता. तो वर येईपर्यंत मी धरून बसलो.”

मजुरी मिळाली का, हे मी विचारले. नाही म्हणाला. दोर मात्र तुमचाच होता, रविवारी परत आणतो, एवढे सांगून त्याने फोन ठेवला.