दप्तर भरण्याचे दिवस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरातून दोन प्रकारचे कपडे एकाच संध्याकाळी इस्त्रीला जात असत. एक आमचा काळा कोट आणि दुसरे मुलांचे गणवेश. दिवाणी न्यायालयांची उन्हाळी सुट्टी संपण्याचा आणि कर्नाटकातील शाळा उघडण्याचा सुमार जवळजवळ एकच. त्यामुळे सुट्टी संपल्याचे दुःख थोरलीने, धाकट्याने आणि आम्ही वर्षानुवर्षे एकत्रच भोगले. सौभाग्यवतींना हे दुःख कधी झाले नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघे घराबाहेर पडलो की त्या दार लावून निवांत चहा घेत, हे त्यांनी आम्हांला मुले मोठी झाल्यावर सांगितले.

सीमाभागातील मुलांच्या वाट्याला एक वेगळेच पंचांग येते. कोल्हापूरला मावशीकडे गेलेली आमची मुले मे अखेरीस परतायला निघत, तेव्हा मावसभावंडे अजून आंब्याच्या पेटीभोवती बसलेली असत. महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात; आमच्याकडील शाळा त्यापूर्वी सुमारे पंधरवडाभर. ‘आम्हीच का आधी?’ हा थोरलीचा दरवर्षीचा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, हे सात वर्षांच्या मुलीला सांगून उपयोग नव्हता. ‘आपल्याकडे पाऊस आधी येतो ना, म्हणून,’ असे आम्ही ठोकून देत असू. पुराव्याच्या कसोटीवर हे विधान मुळीच टिकणारे नव्हते. शाळा उघडण्याच्या सुमारास बेळगाव तालुक्यात भाताची धूळवाफ पेरणी चाललेली असते. शेतकरी कोरड्या मातीत बी टाकून आभाळाकडे पाहत असतो आणि मृग अजून लागायचा असतो. नवा रेनकोट घालायला मिळत नाही म्हणून धाकटा पहिले आठ दिवस आमच्यावरच रागावलेला असे.

त्याहून अवघड प्रसंग दिवाळीत येई. कर्नाटकात मधली मोठी सुट्टी दसऱ्याच्या सुमारास पडते आणि दिवाळीला मोजकेच दिवस हाती लागतात. बेळगावची मुले तर दिवाळीत किल्ले बांधणारी. मावळ्यांची मांडणी झाली, उतारावर अळीव पेरले, आणि त्याचे कोंब नीट वर येतात न येतात तोच शाळा सुरू. एका वर्षी नखांत तांबडी माती घेऊनच थोरली वर्गात गेली. बाईंनी हात पुढे करायला सांगितले. आता छडी बसणार, या भीतीने हिने डोळे मिटून घेतले. बाईंनी विचारले ते इतकेच, ‘कुठला किल्ला?’ हिने सांगितले, ‘राजहंसगड.’ बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडं पण तोच.’ त्या संध्याकाळी हा संवाद आम्हांला निदान दहा वेळा ऐकावा लागला, आणि दहाव्या वेळीही तो ऐकावासा वाटला.

पुस्तकांना कव्हरे घालण्याचे काम आमच्याकडे होते. खाकी कागदाचा गुंडाळा, कात्री, खळ, लेबले असा सगळा सरंजाम माजघरात मांडला जाई. पक्षकारांच्या फायली बांधून बांधून हाताला सवय झालेली, त्यामुळे आमच्या कव्हराचे कोपरे कधी सुटत नसत. वकिलीत एवढी निःसंदिग्ध प्रशंसा आम्हांला क्वचितच मिळाली असेल. कर्नाटकातील मराठी शाळांना पाठ्यपुस्तके ‘बालभारती’ची नसतात, ती कर्नाटक राज्याचीच, मराठीत काढलेली. नवी पुस्तके घरी आली की कव्हर घालण्यापूर्वी आम्ही ती चाळत असू. अधूनमधून एखादे वाक्य असे भेटे की मूळ कन्नड वाक्याची चौकट तशीच ठेवून आत मराठी शब्द बसवले असावेत अशी शंका यावी. आम्ही पेन्सिलीने खूण करू लागलो की थोरली पुस्तक ओढून घेई. ‘बाबा, पुस्तकात लिहायचं नसतं.’ तिचे म्हणणे नियमाला धरून होते.

याच कामात एकदा शब्दांचा विषय निघाला. दप्तर हा शब्द फारसीतून आलेला. सरकारी कागद जिथे राहतात ते दप्तर. मराठीने तोच शब्द सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर लादला आणि दोन्ही अर्थ सुखाने सांभाळले. कचेरीचे दप्तर आम्ही वाहावे, शाळेचे मुलांनी. उत्तर कर्नाटकातील कन्नडभाषक याच वस्तूला पाटीचील म्हणतात. चील म्हणजे पिशवी. आणि पाटी ही आपल्याच ओळखीची. शाळेला आमच्या खेड्यांतून साळा म्हणतात, धारवाडकडच्या कन्नडात साली. मास्तर दोन्हीकडे मास्तरच. शब्द कोणाकडून कोणाकडे गेले याचा निवाडा करताना पुष्कळांचा आवाज चढतो. आमचाही चढलेला आहे. परंतु आम्हांला सर्वांत मोहात पाडणारा शब्द खडूचा. कन्नडात खडूला सीमेसुण्ण म्हणतात. सुण्ण म्हणजे चुना, आणि सीमे म्हणजे मुलूख. इथे परका मुलूख. बाहेरच्या मुलखातून आलेला चुना, असा त्याचा सरळ अर्थ. रॉकेललाही याच न्यायाने सीमे एण्णे म्हणजे परमुलखाचे तेल असे नाव मिळाले. ज्या गावात ‘सीमा’ हा शब्द उच्चारताच माणसे सावरून बसतात, त्या गावातील फळ्यावर दोन्ही भाषांची मुळाक्षरे परमुलखाच्या चुन्यानेच लिहिली जात होती.

थोरली २००५ साली मराठी प्राथमिक शाळेत गेली. वर्गात वडगावच्या विणकरांची, आसपासच्या शेतकऱ्यांची, बाजारातील हमालांची मुले होती. ‘काय करायलास?’ असे तिथले मराठी घेऊन ती घरी आली तेव्हा आम्हांला आनंद झाला. कोल्हापूरच्या मावशीला मात्र हसू आले. जुलैत रोपलावणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात असे आणि उरलेल्यांना बाई गोष्टी सांगत. सगळ्या वर्षात हेच दिवस तिला सर्वांत प्रिय होते.

आता जे सांगायचे आहे ते आम्ही बरीच वर्षे टाळले. २००९ साली धाकट्याला आम्ही इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले.

त्याआधीच्या वर्षी उच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांवरील माध्यमाची सक्ती रद्द ठरवली होती, त्यामुळे कायद्याची अडचण उरली नव्हती. घरात चर्चा झाली. पुढे विज्ञान इंग्रजीतच शिकायचे, मग उशीर कशाला, असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. आम्ही स्वतः मराठी माध्यमातून शिकलो. सनद मिळाल्यावर पहिला इंग्रजी युक्तिवाद करताना पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या, तेही आठवले. परंतु निर्णयाचे खापर पत्नीवर किंवा त्या घामावर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अर्जावर सही आमची होती. मातृभाषेच्या रकान्यात आम्ही ‘मराठी’ लिहिले, माध्यमाच्या रकान्यात ‘इंग्रजी’. दोन रकान्यांच्या मध्ये एक बारीक रेघ होती.

त्या जूनपासून घरातून दोन रंगांचे गणवेश बाहेर पडू लागले. स्कूटरवर पुढे धाकटा उभा, मागे थोरली. टिळकवाडीत रेल्वेच्या फाटकाला आम्ही गेटच म्हणतो. पहिले गेट, दुसरे गेट असे पत्तेही त्यावरूनच सांगतो. गेट पडले की गाडी जाईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसे. तेवढ्यात थोरली पाढे म्हणे. मालगाडी असली तर एकोणतीसपर्यंत मजल जाई. धाकटा आधी तिच्याबरोबर म्हणत असे. दुसरीत गेल्यावर तो डबे मोजू लागला, इंग्रजीत. आम्हांला ते ऐकू येत होते. आम्ही गेटकडे पाहत राहिलो.

त्याच सुमारास मराठी शाळांची पटसंख्या या विषयावर एका सभेत आम्ही बोललो. भाषण बरे झाले असावे, कारण टाळ्या पडल्या. नंतर एका वृद्ध शिक्षकांनी उभे राहून अत्यंत सौम्यपणे विचारले, ‘वकीलसाहेब, तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत?’ आम्ही खरे ते सांगितले. कोणी हसले नाही, कोणी ओरडले नाही. शिक्षक ‘बरं’ म्हणून खाली बसले. उलटतपासणीत अनेक साक्षीदारांचा कस आम्ही काढला आहे, पण त्यांतल्या कोणावरही इतक्या कमी शब्दांत काम भागले नव्हते.

६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या माध्यम धोरणाच्या खटल्यात निकाल दिला. सुट्टीच होती, ओसरीवर बसून आम्ही तो सबंध वाचला. अनुच्छेद ३५०-अ अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी द्याव्यात असे सांगतो, आणि सीमाभागात आम्ही त्याचा आधार नेहमीच घेत आलो. न्यायालयापुढे प्रश्न आला की मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवायचे कोणी? उत्तर मिळाले: पालकांनी. शासनाला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही; निवड मुलाची, आणि त्याच्या वतीने आईवडिलांची. वकील म्हणून निकाल आम्हांला पटला. बाप म्हणून वाचताना मात्र उगीचच वाटत राहिले की घटनापीठाने आमचा तो अर्ज मागवून पाहिला आहे. धाकटा तेव्हा अंगणात चेंडू भिंतीवर मारत होता आणि धावा मोजत होता. ‘फोर्टी नाइन, फिफ्टी.’

या संख्यांनीच पुढे आम्हांला बरेच शिकवले. एकोणपन्नास म्हणजे फोर्टी नाइन की फिफ्टी नाइन, यात तो आजही क्षणभर अडतो. प्रथम आम्ही चिडलो, मग विचारात पडलो. मराठी माणूस पुढचा दशक आधी पाहतो आणि त्यातून एक उणा करतो: पन्नासाला एक ऊन. ही रीत संस्कृतापासूनची. इंग्रजी मागच्या दशकात भर घालते. कन्नडातही नलवत्तोंबत्तु, म्हणजे चाळीस आणि नऊ. शाळेत कन्नड सुरू झाले तेव्हा धाकट्याला तेथील संख्या चटकन जमल्या आणि थोरलीला अडखळवू लागल्या, त्याचे मर्म इथे होते. गंमत अशी की कन्नडातील ओंबत्तु, म्हणजे नऊ, या शब्दाच्या पोटातच ‘दहाला एक कमी’ असा भाव असल्याचे भाषाभ्यासक मानतात. हे आम्ही धाकट्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे सगळेच वजा करतात. तुम्ही मराठीवाले जरा मोठ्यानं करता, इतकंच.’ ‘तुम्ही मराठीवाले’ हे शब्द त्याने सहज उच्चारले होते. आम्ही ते अजून विसरलेलो नाही.

थोरली आता पुण्यात असते. इंग्रजीतील विज्ञान तिला दोन वर्षे जड गेले आणि नंतर जड गेले नाही. धाकटा बंगळुरूला नोकरी करतो. कन्नड आमच्यापेक्षा उत्तम बोलतो, आणि त्याचा आम्हांला अभिमानच आहे.

यंदा मे अखेरीस तो चार दिवस घरी आला होता. पुतण्याची मुलगी पहिलीला, जवळच्याच मराठी शाळेत जाणार. तिची पुस्तके कव्हरांसाठी आमच्याकडे आली. आमची नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही, म्हणून कात्री धाकट्याने घेतली. कोपरे त्याने नीट मोडले. ते त्याच्या हातात कुठून आले हे सांगायला नको. मग लेबल. नाव लिहून झाले, आणि ‘इयत्ता’पाशी पेन थांबले. त्याने पुण्याला फोन लावला. ‘ताई, इयत्ताला पहिली इ की दुसरी?’ पलीकडून हसण्याचा आवाज आम्हांलाही ऐकू आला. इयत्ता बरोबर उतरली. त्यापुढे त्याने कोणाला न विचारता, वळणदार अक्षरांत ‘पहीली’ असे लिहिले.

पोरगी शेजारी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. आम्ही दुसरे कोरे लेबल हळूच त्याच्यापुढे सरकवले. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा लेबलाकडे, आणि म्हणाला, ‘ऱ्हस्व ना? लिहितो परत.’