कोडगूच्या देवघरातली बंदूक

म्हैसूरहून मडिकेरी सुमारे १२० किलोमीटर. वाट चढू लागली की कॉफीचे मळे सुरू होतात. उंच झाडांच्या सावलीत कॉफी, खोडांवर चढलेले मिऱ्यांचे वेल आणि खाली सखल भागात भाताची खाचरे. हा कर्नाटकातला कोडगू जिल्हा. पाऊस आपल्या कोकणासारखा. रानडुकरांची नासधूसही आपल्यासारखीच, वर हत्तींचा उपद्रव वेगळा. घरे मळ्यामळ्यांत एकेकटी. रात्री हाक मारली तर शेजारी पोहोचायला वेळ लागतो. म्हणूनच इथल्या कोडव शेतकऱ्याच्या घरात बंदूक दिसते.

सप्टेंबरच्या आरंभी गेलात तर कैलपोद हा सण पाहायला मिळेल. भातलावणी आटोपली की तो येतो. जुनी रीत अशी, की लावणीच्या दिवसांत हत्यारे देवघरात ठेवायची, त्यांना हात लावायचा नाही. सणाच्या दिवशी ती पुसून, तेल लावून, गंधफूल वाहून पुजतात. बंदुकीच्या नळीत लाल-पिवळे फूल खोवतात. जवळून पाहिले तर आपलीच कळलावी! आपल्या खंडेनवमीची आठवण येते. पूजा झाली की वडीलधारे तरुणांच्या हाती बंदूक देतात आणि मग उंच झाडाला बांधलेल्या नारळावर नेमबाजी रंगते.

कोडव आणि जम्मा जमिनीचे धारक यांना परवान्यातून सूट आहे. ती १८६१ साली इंग्रजी अमलात मिळाली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. ही सूट तुम्हा-आम्हाला नाही. आपल्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना काढावाच लागतो. परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असेही नाही. डुक्कर मारायलासुद्धा वनखात्याची परवानगी लागते.

एका वृद्ध यजमानांना मी विचारले, "काका, नवख्या माणसाने पहिली बंदूक कोणती घ्यावी?" ते म्हणाले, "जी घरातल्या माणसाला उघडता, पुसता आणि रिकामी करता येते ती."

त्यांनी समजावले ते असे. रायफलच्या नळीला आतून आटे असतात. तिची गोळी चुकली तर किलोमीटरभराहून लांब जाते, आणि वस्तीत ती कुणाच्या अंगणात पडेल सांगता येत नाही. घराभोवतीच्या राखणीला बारा बोअरची, गुळगुळीत नळीची छऱ्याची बंदूक बरी. त्यातही एकनळी साधी, तिच्यात बिघडायला कमी. घेताना नळी मोडून उजेडाकडे धरा. आत गंजाचे खड्डे दिसता कामा नयेत. बिजागरी खुळखुळू नये, दस्त्याला चीर नसावी, चाप फार हलका नसावा. बंदुकीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहा. काडतूस घालण्याआधी जाणकार कारागिराला दाखवा.

निगा रोजची नाही, पण चुकवायची नाही. वापरल्यावर आणि पावसाळ्यात अधूनमधून नळीत गजाने कोरडी चिंधी फिरवावी, मग तेलाची पातळ बोळी. तेल थबथबले तर धूळ चिकटते. चामड्याच्या खोळीत बंदूक कायमची ठेवू नये, ओल धरून गंज चढतो. काडतुसे चुलीपासून आणि ओलीपासून दूर, कोरड्या डब्यात ठेवावीत. फुगलेले किंवा हिरवट चढलेले काडतूस वापरू नये.

शेवटी त्यांनी मला कपाट दाखवले. बंदूक एका कपाटात, काडतुसे दुसऱ्यात, दोन्हींना कुलूप, किल्ल्या त्यांच्याजवळ. नातू अंगणात खेळत होता. त्याच्याकडे पाहत ते हळूच म्हणाले, "चोर वर्षानुवर्षे येणार नाही. हा मात्र रोज या खोलीत येतो."

परतीच्या घाटात हेच वाक्य मनात घोळत राहिले. परवान्याचा अर्ज भरण्याआधी, मंडळी, आपल्या घरात कुलूप घालता येईल असे कपाट आहे का, ते आधी पाहा. आणि किल्ली कुणाच्या कमरेला राहील, हे घरच्या बाईमाणसांना विचारून ठरवा.