गोतावळ्याबाहेरचं माणूस

सुरतमधल्या लिंबायतच्या पोरांना समुपदेशक कशाला हवा, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. उधना, लिंबायत, डिंडोली म्हणजे आमचा अर्धा खानदेश. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं लूमवर आणि मिलमध्ये पोट भरायला आली, गल्ल्यागल्ल्यांत गावंच वसली. पोराचं काही बिनसलं तर मामा आहे, आत्या आहे, समोरचे आबा आहेत. अनोळखी बाईपुढे बसून मन मोकळं करायची चैन वेसूसारख्या श्रीमंत भागातल्या लोकांनी करावी. 24 मे 2019 ला सरथाण्यातल्या तक्षशिला आर्केडच्या आगीत 22 जीव गेले, बहुतेक क्लासला आलेली मुलं. ते व्हिडिओ पाहून रात्री दचकून उठणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनाही मी देवाचं नाव घ्यायला सांगून मोकळा झालो होतो.

मग नववीतली एक मुलगी घरी आली. वडिलांची लूमवर बारा तासांची पाळी, आई घरी साड्यांचं धागा कटिंग करते, शाळा सुटली की हीसुद्धा तेच. नखात अडकलेली जर काढत बराच वेळ बसली. मग म्हणाली, "सर, तुम्ही आणि आमचे आबा एकाच गावचे ना?" मी कौतुकाने हो म्हटलं. तिने गणिताचं एक उदाहरण विचारलं आणि उठली. पुढे एका संस्थेच्या ताईंशी ती बोलली. काय बोलली ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही.

ज्या गोतावळ्याच्या जिवावर मी बोलत होतो, त्याच्याच धाकाने ती गप्प बसली होती. इथे कुजबुजलेलं भुसावळची गाडी सुटायच्या आत मोबाइलवरून गावी पोचतं. भांडण मिटवणारे तेच, उद्या स्थळ आणणारेही तेच. त्यांच्यापुढे मुलगी काय बोलणार?

फुकट फोन आहेत. मुलांसाठीचा 1098 मुंबईत 1996 मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा 14416 ऑक्टोबर 2022 पासून आहे, मराठीतही बोलता येतं. पण एका खोलीत सहा माणसं आणि फोन बापाच्या खिशात, तिथे भिंतीवर नंबर रंगवून काय होणार? 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं, ते मला म्हणूनच पटलं. शाळेतच एक खोली हवी, दार लावता येईल अशी.

आता शाळेच्या बैठकीत कुणी म्हणालं, की आपल्यातल्याच एखाद्या सरांना चार दिवसांचं प्रशिक्षण देऊ, तर मी आडवा येतो. त्या सरांच्या हातात हजेरीपट असतो, मार्क असतात, आणि संध्याकाळी नाक्यावर पोरांच्या बापाबरोबर चहाचा ग्लासही असतो.