बाटल्यांची रद्दी

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकले नव्हते. गुडघे, मग मोतीबिंदू, मग पुन्हा गुडघे. असो. परवा रद्दीवाला आला आणि लिहायला विषय मिळाला. खरं तर हा विषय पाच वर्षं माझ्याकडे पडून होता, पण लिहायचा धीर होत नव्हता.

रद्दीवाला जुना आहे, मला 'आजी' म्हणतो. तागडीत वर्तमानपत्रं टाकता टाकता म्हणाला, "आजी, लॉकडाऊनमधी तुमच्याकडं पेपर कमी आन् बाटल्याच जास्त असायच्या. आता बरंय." एवढं बोलून तो पैसे मोजून निघून गेला. मी मात्र दारातच उभी राहिले.

त्याचं म्हणणं खरं होतं. 2020 च्या मार्चअखेर वर्तमानपत्रं काही आठवडे बंदच होती, त्यामुळे रद्दी साठायची कुठून? आणि गॅलरीतल्या गोणीत, कपड्यांच्या वाळत घालायच्या दांडीखाली, काचा वाढत होत्या.

त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देश बंद. गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही, तर मी दोऱ्यात बत्तासे ओवले होते. सुरुवातीचे दिवस कसे मजेचे गेले ते आठवा. सकाळी सुंठ, मिरी, दालचिनी, तुळशीचा काढा. आयुष मंत्रालयाने सांगितल्यापासून घराघरांत तो उकळत होता. आमच्याकडे इतका झाला की नातवाच्या तोंडात फोड आले, तेव्हा कुठे थांबवला. चहाचं प्रमाण माझं स्वतःचं दोनवरून पाचवर गेलं (हेही व्यसनच, माहीत आहे). कोपऱ्यावरचं अमृततुल्य बंद, त्यामुळे सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचं बिचाऱ्यांचं फिरणंही गेलं आणि चहाही.

पण खरा प्रश्न होता दुसऱ्या पिण्याचा. दुकानं एका फटक्यात बंद झाली होती.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. तिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. म्हणजे मिळत नाही असं नाही, पण मिळते हे मोठ्याने बोलायचं नाही, अशा वळणात आम्ही वाढलो. पिणारा म्हणजे दुसऱ्याच्या घरातला, आपल्यातला नव्हे. नागपूरला बी.ए. झाले, लग्न होऊन पुण्याला आले, चौतीस वर्षं मराठी शिकवलं, पण ही समजूत काही बदलली नाही.

आमच्या शाळेत एक शिपाईमामा होते. कामाला वाघ, पण संध्याकाळी घंटा देऊन झाली की पावलं ठरलेल्या दिशेला. मी त्यांना किती वेळा सुनावलं असेल! एकदा तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर, "मामा, लाज वाटत नाही का? घरी मुली आहेत," असं म्हणाले होते. ते खाली मान घालून उभे होते. मला त्या वेळी आपण फार चांगलं काम केलं असं वाटलं होतं.

तर पाडव्याच्या आसपास मामींचा फोन आला. "बाई, यांना काय झालंय बघा. हात लटलट कापतायत, घामानं अंथरूण भिजलंय. भिंतीवरनं मुंग्या झटकतायत, आन् भिंतीवर काय बी नाही." मला वाटलं कोरोनाच. माझी एक विद्यार्थिनी डॉक्टर आहे, तिला लावला. तिने एकच विचारलं, "बाई, ते रोज प्यायचे का? आणि शेवटचं कधी प्यायले?" तीन दिवस झाले होते.

तिने मला वर्गात समजवावं तसं समजावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूला त्या गुंगीची सवय झालेली असते. गुंगीविरुद्ध जोर लावत तो काम करत असतो. दारू अचानक काढून घेतली की तो लावलेला जोर तेवढाच उरतो आणि मेंदू उधळतो. आधी कंप आणि घाम, मग फीट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात. यात माणूस दगावतो. "घरी कोंडून ठेवू नका बाई, दवाखान्यातच न्या." म्हणजे जी दारू सोड म्हणून मी वीस वर्षं कानीकपाळी ओरडत होते, ती अशी एका दिवसात सुटणं हाच जिवाला धोका होता! मला हे साठ-सत्तर वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मामा वाचले. झोपेची औषधं, जीवनसत्त्व ब1 ची इंजेक्शनं, सात दिवस. त्याच सुमारास केरळात सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थोडी दारू द्यायचं ठरवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनीच विरोध केला आणि 2 एप्रिलला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. बातमी वाचून सोसायटीच्या ग्रुपवर लोक हसले. मला हसू आलं नाही. तिकडे इराणात, दारूने विषाणू मरतो या अफवेपायी मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं मेली होती. आणि पुढच्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, आमच्या वर्ध्याच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला दुकानं बंद म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण गेले. आपण ज्याने हात धूत होतो, तेच.

4 मे 2020 ला दुकानं उघडायला परवानगी मिळाली तेव्हाच्या रांगा तुम्ही टीव्हीवर पाहिल्याच असतील. दिल्लीत दुसऱ्या दिवशी सत्तर टक्के जादा कर लावला, तरी रांग हटेना. आमच्याकडे सगळे नाकं मुरडत ते पाहत होते. माझा मुलगा म्हणाला, "काय लोक आहेत!"

आता त्याच्याबद्दल.

मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे. पूर्वी शनिवारी मित्रांबरोबर घ्यायचा. मला माहीत होतं, आणि माहीत नाही असं मी दाखवायचे. घरात बसून काम सुरू झालं आणि शनिवार उरलाच नाही. पूर्वी हिंजवडीहून कोथरूडला यायला दीड तास लागायचा. त्या ट्रॅफिकला आम्ही सगळेच शिव्या द्यायचो, पण ऑफिस आणि घर यांच्यात तो दीड तास म्हणजे एक भिंत होती हे तेव्हा कळलं. आता लॅपटॉप मिटायचा आणि फ्रीज उघडायचा. बर्फाचा आवाज आला की साडेसात वाजले, घड्याळ बघायला नको. आधी मित्रांबरोबर स्क्रीनवर, मग स्क्रीनही नाही, एकटाच, गॅलरीत.

तेवढ्यात सरकारने घरपोच सुरू केलं. जूनमध्ये एकदा बेल वाजली, मीच दार उघडलं. मास्क लावलेला मुलगा खोकं पुढे करून म्हणाला, "आजी, परमिट कुणाच्या नावावर आहे?" मला वाटलं औषधांचं आहे. म्हटलं, "माझी बीपीची चिठ्ठी चालेल का?" तो पोरगा इतका हसला! महाराष्ट्रात दारू प्यायला रीतसर परवाना लागतो, 1949 च्या कायद्यापासून, आणि एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, हे मला वयाच्या सत्तराव्या वर्षी दारात उभं राहून कळलं.

ते खोकं मी आत नेऊन ठेवलं. बोलले काहीच नाही. ज्या बाईने शिपायाला सगळ्यांसमोर उभं केलं, ती पोटच्या पोराला एक शब्द बोलली नाही. चांगला कमावतो, आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, ग्लास स्वतः विसळून ठेवतो... मग काय म्हणून बोलायचं? अशी सगळी उत्तरं माझी मीच तयार करायचे. नवनीत गाईडसारखी.

एप्रिल 2021. दुसरी लाट. मला ताप येऊन सहा दिवस झाले होते. रात्री साडेअकराला सूनबाईने बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 89. अँब्युलन्सचा फोन लागेना. पुण्यात तेव्हा खाट मिळणं म्हणजे काय होतं, ते तुम्हांला सांगायला नको. माझ्या त्याच डॉक्टर विद्यार्थिनीने एक खाट शोधून दिली, पण अर्ध्या तासात पोचायचं होतं. मुलगा किल्ली घेऊन उभा राहिला. उभा राहिला म्हणजे, दाराला टेकून. "आई, चल, मी नेतो. दोनच घेतलेत."

सूनबाईने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. हिसकावली नाही, नुसती काढून घेतली, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी. तिने गाडी चालवायला शिकून तीनच महिने झाले होते, तेही रिकाम्या रस्त्यावर. मागच्या सीटवर मी धापा टाकत होते आणि ती पुढे मोठमोठ्याने 'क्लच, गिअर, क्लच' असं स्वतःला सांगत होती. मी पोचले. त्याचा चेहरा मात्र मला लिफ्टचं दार बंद होईपर्यंत दिसत होता.

मी नऊ दिवसांनी घरी आले. त्या रात्रीबद्दल कोणी बोललं नाही. गॅलरीतली गोणी रिकामी होती, पण महिन्याभरात पुन्हा भरायला लागली.

मामांचं सांगायचं राहिलं. ते त्या दिवाळीपर्यंत कोरडे राहिले, मग पुन्हा घसरले. नंतर येरवड्याला मुक्तांगणमध्ये पस्तीस दिवस राहून आले. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं ते. 2022 च्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरी आले. मी त्यांची स्टाफरूममधल्या त्या दिवसाबद्दल माफी मागितली. "कोणता दिवस, बाई?" म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं, की मला सोडवत होते, कोण जाणे. मी विचारलं, आता बंद ना? तर म्हणाले, "सध्या." हा शब्द त्यांचाच.

मुलगा त्या वेळी गॅलरीत होता. मामा चहाचा कप घेऊन तिकडे गेले. अर्धा तास दोघं बोलत होते. काय ते मला माहीत नाही. काच बंद होती. मी पोळ्या लाटत होते आणि एकसारखी तिकडे बघत होते.

आता त्याला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. घेणं फक्त शनिवारी, असं तो सांगतो. मी बाटल्या मोजते (हो, मोजते, आई आहे), तर कधी शनिवार आठवड्यात दोनदा येतो. पण गोणी आता चार-चार महिने भरत नाही, ते रद्दीवाल्याने सांगितलंच.

हे सगळं इथे टाकायच्या आधी काल रात्री त्याला वाचून दाखवलं. नातेवाईक वाचतात, तुला नको असेल तर राहू दे, म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टाक. फक्त ऑक्सिजन 89 नव्हता, 91 होता."

मी डायरी काढून पाहिली. सूनबाईच्या अक्षरात 89 आहे. त्याला दाखवली नाही.