घर, एस.टी. की होस्टेल?

थोरलीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा मी गच्चीवर नागलीचे पापड उलटत होते. ती धावत वर आली, मार्क सांगितले आणि त्याच दमात म्हणाली, “आई, मी नाशिकला सायन्सला जाणार!” हातातला पापड मोडला. आनंदानं की धास्तीनं, ते मला अजून सांगता येत नाही.

घरात लगेच दोन तट पडले. ह्यांचं म्हणणं, आपल्या पेठमध्ये दादासाहेब बिडकर महाविद्यालय आहे की! घरचं जेवण, घरची झोप, खर्चही बेताचा. थोरलीच्या मनात मात्र नाशिकचं एच.पी.टी.-आर.वाय.के. बसलेलं. १९२४ सालापासूनचं कॉलेज! तिथल्या प्रयोगशाळेचं वर्णन तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि दिवसातून दोनदा आम्हाला ऐकवत होती.

सासूबाईंनी तोडगा काढला. “माझी भाची आहे ना नाशिकला. तिच्याकडे ठेवा. घरात घर, शिक्षणात शिक्षण.”

एरवी मी त्यांच्यापुढे फारशी बोलत नाही. पण त्या दिवशी एकदम म्हणून गेले, “ते मात्र नको, आई.”

त्याला कारण होतं. मीही नातेवाइकांकडे राहून ‘शिकले’ आहे. सकाळचा केर, दोन मुलांचे डबे, संध्याकाळच्या पोळ्या. कुणी छळलं नाही हो, उलट मायेनं ठेवलं. पण ज्यांचं मीठ खायचं, त्यांच्या मोरीत भांडी पडलेली असताना आपण पुस्तक उघडून कसं बसायचं? पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले. होस्टेलचा विषय घरी निघाला होता, पण “पोरीबाळी होस्टेलात ठेवायच्या नसतात” म्हणून तिथंच मिटला. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं.

शेवटी मधला मार्ग निघाला. नाशिकलाच शिकायचं, पण रोज जाऊन-येऊन. पेठ-नाशिक अंतर सुमारे ५५ किलोमीटर. विद्यार्थ्यांच्या पासाला भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो, म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला. मी पहाटे चारला उठून डबा करायची. ती अंधारात निघायची आणि दिवेलागणीनंतर परतायची. एकदा सहज हिशेब मांडला. रोजचे चार तास गाडीत नि स्टँडवर. कॉलेजचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला आठशे तास! एवढ्या वेळात तिची पुस्तकं दोनदा वाचून झाली असती.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी सावळघाटात झाड पडलं. वाहतूक बंद. फोन लागेना. आठ वाजले, नऊ वाजले. हे छत्री घेऊन स्टँडवर, मी दारात, सासूबाई देवापुढे. सव्वादहाला ती उतरली. चिंब भिजलेली, प्रयोगवही तेवढी ओढणीत गुंडाळून छातीशी धरलेली. “उद्या सबमिशन आहे, आई,” म्हणाली आणि ताटावर बसल्या बसल्याच पेंगू लागली.

दुसऱ्या दिवशी करटोली विकायला पाड्यावरच्या मावशी आल्या. त्यांच्यापाशी मी गाऱ्हाणं गायले. त्यांनी वाटा मांडता मांडता शांतपणे सांगितलं, “बाई, माझी पोर सहा वर्षांची असताना आश्रमशाळेत गेली. पहिल्या रात्री मी रडले, ती नाही रडली. आता नाशकात नर्सिंग शिकते. तुमची तर अठराची झाली.” त्यांच्या मुलीला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नव्हती; आदिवासी विकास विभागाच्या स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे तिच्या खात्यावर जमा होतात. फॉर्म तिचा तिनंच भरला होता.

मावशी गेल्या आणि मी करटोली चिरत बसले. मनाशी खरं बोलायची वेळ आली होती. लेक घरात हवी होती ती कुणासाठी? सासूबाईंच्या गोळ्या तिच्या ध्यानात राहतात. नळाला पाणी आलं की हंडे तीच भरते. धाकट्याचं गणित तीच घेते. काळजी होतीच, खोटं नाही. पण काळजीच्या पदराआड माझी सोयही लपली होती. मला परक्या घरात जे करावं लागलं, तेच मी तिच्याकडून हक्कानं करून घेत होते.

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. तिथं बायका घराबाहेर राहून शिकल्या, त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली. आणि मी एक घाट ओलांडायला घाबरत होते!

सप्टेंबरात आम्ही दोघं मुलींची होस्टेलं पाहायला गेलो. मैत्रिणींनो, अनुभवानं सांगते. बाहेरचा रंग नि नवे पलंग पाहून भुलू नका. आधी संडास-न्हाणीघर पाहा, पाणी किती वेळ येतं ते विचारा. जेवणाच्या वेळेला जा आणि तिथलं वरण चाखा. फाटक किती वाजता बंद होतं, रात्री मुलगी आजारी पडली तर कोण उठतं, हे रेक्टरबाईंना स्पष्ट विचारा. आणि तिथल्या मुलींशी बोलायचं काम आपल्या मुलीवर सोपवा. आपल्यादेखत त्या खरं सांगत नाहीत. आमच्या लेकीनं दोन होस्टेलं नाकारली ती अशीच.

ट्रंकेत दोन चादरी, कुलूप, बादली, खुरासणीची चटणी, मेतकूट आणि नागलीचे लाडू भरले. ह्यांनी एक वही दिली. “महिन्याचे पैसे एकदम देईन. हिशेब तू ठेवायचा.”

पहिले पंधरा दिवस घर अंगावर आलं. एकदा हंडे भरायचे राहिले, दोनदा सासूबाईंची गोळी चुकली. धाकट्यानं गणिताचं पुस्तक ह्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. त्या धांदलीत मला कळलं, पोरीनं किती ओझं मुकाट्यानं उचललं होतं!

दिवाळीला ती आली. जराशी वाळलेली, पण बोलणं ठाम. वही ह्यांच्या हातात दिली. मीही डोकावले. चहा, झेरॉक्स, प्रयोगवही, साबण. मध्येच एक ओळ होती : ‘आजीची गोळ्यांची डबी, ७ कप्पे, ६० रुपये.’

सासूबाईंनी ती डबी सगळ्या आळीला दाखवली. आता रोज रात्री त्या उद्याचा कप्पा स्वतःच चाचपून पाहतात आणि मला विचारतात, “पोरीची सुट्टी कधी गं?”